अंगठा कुठवर आलाय?

प्रश्न : मुलगी नववीत आहे. पाच वर्षं चेलो (व्हायोलिनसारखं, पण बरंच मोठं वाद्य) शिकतेय, यंदा पाचव्या ग्रेडला डिस्टिंक्शन मिळालं. आता म्हणते, दहावीनंतर फक्त चेलो. सासरे म्हणतात, तबला-पेटी निदान चार कार्यांत वाजवता येते, ह्या धुडाचं काय करणार? याला स्कोप आहे का? – एक आई, ठाणे

उत्तर : ताई, आजोबांचा प्रश्न जास्त नेमका आहे, म्हणून तो आधी घेते. आपल्या देशात व्यावसायिक म्हणावा असा सिम्फनी ऑर्केस्ट्रा एकच, मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रातला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. तो 2006 मध्ये सुरू झाला आणि अजूनही त्यातले बरेच वादक परदेशातून येतात. खुर्च्या आहेत, तिथवर पोचलेली आपली मुलं थोडी. एरवी पोट भरतं ते शिकवण्या, रेकॉर्डिंग आणि कार्यक्रमांवर. मोठ्या लग्नांतून हल्ली चेलो असतो, हे आजोबांच्या कानावर जरूर घाला.

आता डिस्टिंक्शनबद्दल. कौतुक आहेच, पण ग्रेडच्या परीक्षेसाठी मोजक्या रचना वर्षभर घोटल्या की मार्क मिळतात. परदेशी कॉन्झर्व्हेटरीची, म्हणजे संगीत महाविद्यालयाची, प्रवेशपरीक्षा वेगळी. संगीतकार बाखच्या चेलोसाठीच्या सहा सुइटपैकी (नृत्यरचनांच्या मालिका) एखादीतले भाग, एका कॉन्चेर्टोचा (ऑर्केस्ट्रासोबत एकट्याने वाजवायची रचना) पहिला भाग, पॉपरच्या चाळीस एट्यूडपैकी (सरावाच्या रचना) एखादा असं काहीतरी मागतात.

मी वादक नाही. तरी चेलोवाल्या मुलांच्या पालकांना एक गोष्ट बघायला सांगते : डावा अंगठा. खालचे सूर वाजवताना तो वाद्याच्या मानेमागे लपलेला असतो. सूर वर चढत गेले की मान संपते, मग अंगठा पुढे येतो आणि आडवा तारांवर दाबून बसतो. बाकीची बोटं त्याच्या आधाराने पडतात. सुरुवातीला ते चांगलंच झोंबतं, घट्टा पडेपर्यंत मुलं कुरकुरतात. संगीतकार हायडनचा सी मेजर कॉन्चेर्टो या अंगठ्याशिवाय वाजवताच येत नाही. पुढच्या तासाला कोपऱ्यात बसून बघा. अंगठा अजून मागेच असेल, तर स्कोपची चर्चा नंतर. आधी सरांशी बोला.

पण सरांचं मतही शेवटचं धरू नका. एनसीपीएमध्ये ऑर्केस्ट्राची स्वतःची संगीत अकादमी आहे. तिथल्या किंवा दौऱ्यावर आलेल्या एखाद्या चेलोवादकाला तिचं वाजवणं याच वर्षी ऐकवा. 'छान वाजवते' एवढ्यावर उठू नका. 'अठराव्या वर्षी प्रवेशपरीक्षेला बसेल का, आणि त्यासाठी आज काय कमी आहे?' असं सरळ विचारा.

खर्चाचं म्हणाल, तर जर्मनीतल्या बहुतेक सरकारी संगीत विद्यापीठांत शिकवणी फी नाही (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आपल्या मुलांना सत्राला 1500 युरो पडतात). राहण्याखाण्यासाठी मात्र वर्षाचे सुमारे 12 हजार युरो खात्यात दाखवावे लागतात, आणि जर्मन भाषा शिकावी लागते. अमेरिकेत फिलाडेल्फियाची कर्टिस ही संगीतसंस्था 1928 पासून फी घेत नाही, पण तिथे जागा अगदी मोजक्या.

बारावी सोडू देऊ नका. आर्ट्स घ्या, प्रॅक्टिकलचे तास वाचतील आणि तेवढा रियाज होईल.

आणि ऐकवायला नेताना सकाळच्या फास्ट लोकलच्या वाटेला जाऊ नका. दुपारची ठाणे स्लो पकडा, चेलो खिडकीकडे आणि तुम्ही त्याच्या अलीकडे.