टोनआर्म राहू द्या, आधी तिसरा हप्ता थांबवा

नेरुळच्या एका वाचकाच्या पत्राचा सारांश असा: "वय ६२. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. माझ्याकडे टेक्निक्स एसएल-१२०० एमके-२ हा टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) आणि सुमारे ६०० एलपी आहेत. रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यांत 'स' आणि 'श' फाटल्यासारखे ऐकू येतात. दुकानदाराने मूव्हिंग कॉइल प्रकारच्या कार्ट्रिजचे (सुई बसवलेला, तिच्या कंपनांचा सिग्नल करणारा भाग) ८५ हजार, टोनआर्मचे (कार्ट्रिज धरणारी दांडी) बसवणुकीसह १ लाख १५ हजार आणि वेगळ्या फोनो स्टेजचे (तो क्षीण सिग्नल वाढवणारे उपकरण) ५० हजार, असे अडीच लाखांचे अंदाजपत्रक दिले आहे. घरखर्च महिना ४० हजार, पेन्शन ३ हजार. निवृत्तीच्या ६२ लाखांपैकी १२ लाख विम्याच्या दोन हप्त्यांत आणि ४ लाख घराच्या दुरुस्तीत गेले; ४६ लाख एकाच बँकेत एफडीत आहेत. पुढच्या महिन्यात ६ लाखांचा तिसरा हप्ता आहे. तो भरून एफडी मोडावी, की दरसाल साडेसतरा टक्के करमुक्त परतावा देणाऱ्या या पॉलिसीवरच कर्ज काढावे?"

सप्रेम नमस्कार.

टोनआर्मकडे मी शेवटी येणार आहे, कारण तिसऱ्या हप्त्याचा उल्लेख तुम्ही वीजबिल भरायचे असावे इतक्या सहजपणे केला आहे आणि तुमच्या पुढच्या वीस वर्षांचा प्रश्न नेमका तिथे आहे. पॉलिसीच्या पहिल्या पानाचे छायाचित्र जोडलेत हे बरे केलेत. त्यानुसार तुम्ही ६ लाखांचे १० हप्ते, म्हणजे ६० लाख भरायचे आहेत आणि पहिल्या हप्त्यानंतर १२ वर्षांनी, वयाच्या बहात्तराव्या वर्षापासून, दरसाल साडेदहा लाख याप्रमाणे १० वर्षे पैसे परत मिळायचे आहेत. साडेदहा लाखांना साठ लाखांनी भागले की साडेसतरा टक्के येतात, आणि बँकेतल्या अधिकाऱ्याने तुम्हाला व्हॉट्सअॅपवर पाठवलेला आकडा तोच आहे. पण त्या साडेदहा लाखांत तुमचेच मुद्दल परत येते आहे आणि तेही सरासरी १२ वर्षे अडकून पडल्यावर. हप्ता कोणत्या वर्षी जातो आणि पैसा कोणत्या वर्षी येतो हे मांडून हिशेब केला, तर परतावा पावणेपाच टक्क्यांच्या आसपास निघतो. बँकेच्या टेबलावर बसून साध्या एफडीपेक्षा कमी देणारी वस्तू साडेसतरा टक्क्यांची म्हणून निवृत्त माणसाला विकणाऱ्यांविषयी सौम्य शब्द वापरणे मला जमत नाही.

करमुक्तीचे म्हणाल, तर १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा पॉलिसींचा वार्षिक हप्ता ५ लाखांच्या वर असेल, तर मृत्यूनंतर मिळणारी रक्कम सोडून बाकी रकमेला ती सवलत मिळत नाही. तुमचा हप्ता ६ लाखांचा आहे. शिवाय आजच्या तुमच्या उत्पन्नावर कर बसतच नाही, त्यामुळे त्या शब्दाला भुलण्याचे कारणही नव्हते.

आता घरखर्च मांडून पाहू. पेन्शन वजा जाता तुम्हाला वर्षाला सुमारे साडेचार लाख लागतात आणि महागाईने ही रक्कम दरवर्षी वाढणार. ४६ लाखांतून हा खर्च आणि ६ लाखांचा हप्ता दोन्ही काढत गेलात, तर एफडीचे व्याज धरूनही सातवा हप्ता भरल्यावर त्याच वर्षी घरखर्चाला पैसे उरत नाहीत. त्या वेळी तुमचे वय ६६ असेल, तीन हप्ते बाकी असतील आणि पहिले साडेदहा लाख सहा वर्षे दूर असतील. पॉलिसी विकण्यापूर्वी हा चार ओळींचा हिशेब कोणीही करायला हवा होता.

तुमच्या जागी बहुतेक लोक आता रागाने पॉलिसी सरेंडर करायला निघतात. तुम्ही तसे करू नका. तुम्हाला अॅपवर सरेंडर मूल्य ४ लाख दिसते आहे. ते घेतलेत तर १२ लाखांतले ८ लाख कायमचे गेले. दोन पूर्ण हप्ते भरलेले असल्यामुळे पॉलिसी पेड-अप होऊ शकते, म्हणजे पुढचे हप्ते न भरता घटलेल्या लाभासह चालू राहते, आणि लाभ हप्त्यांच्या प्रमाणात घटला, तर दहातले दोन हप्ते म्हणून तुम्हाला बहात्तराव्या वर्षापासून दरसाल २ लाख १० हजार, एकूण २१ लाख मिळतील. आज ४ लाख घेणे आणि पुढे २१ लाख मिळणे यांची तुलना केली, तर थांबणाऱ्याला बारा टक्क्यांहून थोडे जास्तच सुटतात. उरलेले आठ हप्ते भरून मिळणारा वाढीव लाभ मात्र सव्वापाच टक्क्यांचाच आहे. म्हणून पॉलिसी मोडायची नाही आणि पुढे भरायचीही नाही. मात्र पेड-अप झाल्यावर नेमके किती मिळेल हा आकडा कंपनीकडून ईमेलने लेखी मागवा, कारण काही पॉलिसींत घट यापेक्षा जास्त असते आणि तसे असेल तर हा सगळा हिशेब बदलतो. उत्तर येण्याची वाट न पाहता हप्त्याचा ऑटो-डेबिट बँकेत जाऊन आजच बंद करा. वार्षिक हप्त्याला देय तारखेनंतर ३० दिवसांची मुदत असते, तेवढ्यात निर्णय करता येईल.

त्याच बरोबर फसवून विकल्याची लेखी तक्रार विमा कंपनीकडे करा आणि भरलेले १२ लाख परत मागा. व्हॉट्सअॅपवरचा तो साडेसतरा टक्क्यांचा संदेश पुसू नका, त्याच्यासारखा पुरावा क्वचित हाती लागतो. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. पैसे परत मिळतीलच असे मी सांगणार नाही, पण अर्जाला एक दुपार पुरते.

पॉलिसीवर कर्ज काढण्याचा विचार सोडून द्या. अशा कर्जावर नऊ-दहा टक्के व्याज धरले, तरी अडीच लाखांवर वर्षाला २४ हजारांच्या आसपास जातात, आणि पेड-अप पॉलिसीवर ते व्याज थकत गेले तर एक दिवस कर्जापोटी पॉलिसीच संपते. एफडीपैकी ३० लाख सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये हलवा. तिथे एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के व्याज मिळत आले आहे, म्हणजे दर तिमाहीला ६१,५०० रुपये, आणि खाते उघडताना असलेला दर पाच वर्षे बदलत नाही. उरलेले १६ लाख चार बँकांत विभागा, कारण बँक बुडाल्यास मिळणारा ठेव विमा एका बँकेत ५ लाखांपर्यंतच असतो. एवढे करूनही तुमचा पैसा पंचाहत्तरीपर्यंतच पुरताना दिसतो, त्यामुळे आरोग्य विमा आणि म्युच्युअल फंडातला काही भाग यांचा विचार पुढच्या पत्रात करावा लागेल. आरोग्य विम्याचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेच नाही.

आता टोनआर्म. तुमच्या सध्याच्या कार्ट्रिजचे, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ईचे, बिल चार वर्षांपूर्वीचे आहे आणि तुम्ही रोज दीड तास रेकॉर्ड ऐकता. म्हणजे त्याच सुईवर सुमारे २,२०० तास झाले. त्या लंबवर्तुळाकार सुईचे आयुष्य कंपनीच ३०० तास सांगते. रेकॉर्ड आतल्या बाजूला येते तेव्हा सुईखालून खाच निम्म्याहून कमी वेगाने सरकते, खाचेतली बारीक नागमोडी वळणे दाटीने येतात, आणि झिजलेली सुई तिथे 'स' फाडते. हे आर्म बदलून थांबत नाही. याच मालिकेतली मायक्रोलिनियर (अधिक बारीक टोकाची) सुई जुनी सुई ओढून काढून तिच्या जागी बसते, तिचे आयुष्य १,००० तास सांगितले आहे आणि आतल्या खाचा ती अधिक स्वच्छ वाचते. तिला साधारण १५ ते २० हजार लागतील. कार्ट्रिज आर्मवर नीट जुळवून घ्या आणि काही शे रुपयांच्या काट्यावर दाब मोजून तो २ ग्रॅमवर ठेवा. मूव्हिंग कॉइलचा सिग्नल तुमच्या कार्ट्रिजच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो, म्हणून तर दुकानदाराला ५० हजारांची फोनो स्टेज पुढे करावी लागली. एमके-२चा आर्म निकामी झाल्याचे तुम्ही कुठेही म्हटलेले नाही. तो आहे तसाच राहू द्या.

६०० एलपींची किंमत वाढतेच आहे, म्हणून हा खर्चही गुंतवणूकच आहे, असे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिले आहे. या एलपी घासलेल्या सुईने सुमारे दोन हजार तास ऐकलेल्या आहेत, हे खरेदीदाराला पहिल्याच गाण्यात कळते. नवी सुई येईपर्यंत जुन्या सुईखाली एकही रेकॉर्ड लावू नका.