रोमन कुप्या : ओतीव की फुंकीव?

प्रश्न असा आहे : खजुराच्या किंवा माणसाच्या डोक्याच्या आकाराच्या रोमन काचेच्या बाटल्यांना 'ओतीव' म्हणावं का? आणि 'अश्रुपात्र' हे नाव चालेल का?

'ओतीव' नको. ओतीव म्हणजे रस साच्यात ओतून केलेलं. या बाटल्यांना साचा लागतो, पण काच ओतत नाहीत. फुंकणीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, थोडा फुगवायचा, लगेच दोन-तीन भागांच्या साच्यात धरून जोराने फुंकायचं. काच साच्याला आतून चिकटली की नक्षी उमटते. म्हणून 'साच्यात फुंकलेली' म्हणावं. घडीव, कोरीव यांच्या पंक्तीत 'फुंकीव' सहज बसतो. तो साच्याशिवाय, मोकळ्या फुंकीने केलेल्या वस्तूंसाठी राखावा. 'साचेबद्ध काच' तर लिहूच नये, ती काच रटाळ आहे असं वाटेल!

फरक बोटांना कळतो. इसवी सनाच्या १ल्या शतकातली, सिरिया-पॅलेस्टाइनच्या किनाऱ्याकडची खजूरकुपी घ्या : मधासारखी तपकिरी काच, उंची साधारण ७ सेंटिमीटर. बाहेर जिथे सुरकुतीचा उंचवटा, तिथेच आतून खळगा, कारण भिंत पातळ आणि नक्षीबरोबर वळलेली. ओतीव भांड्यात बाहेरच्या नक्षीचा आत मागमूस नसतो. शिवाय दोन्ही बाजूंना साच्याच्या जोडाची रेघ दिसते. साचा घट्ट मिटला नसेल तर त्या रेघेवर काचेची कड निघते. गोळा निवलेला असेल किंवा साचा झिजलेला असेल तर सुरकुत्या बोथट येतात. एन्निओन या कारागिराच्या भांड्यांवरची नक्षी मात्र धारदार. 'एन्निओनने केलं' ही ग्रीक अक्षरंही त्याच्या साच्यातच असत.

'अश्रुपात्र' ही दंतकथा. लांब मानेच्या साध्या फुंकीव कुप्या थडग्यांत सापडल्या, त्यावरून शोक करणारे त्यांत आसवं साठवत असा समज झाला. बायबलच्या ५६व्या स्तोत्रातल्या आसवांच्या उल्लेखाने तो पक्का झाला. तपासलेल्या कुप्यांत तेला-मेणाचे अंश मिळाले आहेत. 'अत्तराची कुपी' जवळचं वाटतं, पण अत्तर म्हटलं की ऊर्ध्वपातन आलं. रोमन सुगंध तेलात फुलं-मुळं मुरवून करत. तेव्हा 'सुगंधी तेलाची कुपी' लिहा. मानेच्या तळाशी बारीक भोकाचा पडदा असलेली, थेंब-थेंब सोडणारी कुपी मिळाली, तर 'ठिबककुपी'. तिला 'गुलाबदाणी' म्हणू नये, तसं म्हटलं की गुलाबपाणी शिंपडणारी लग्नातली चांदीची वस्तूच समोर येते.