जुन्या इंग्रजीतलं 'दाऊ' (thou) हे 'यू'पेक्षा (you) जास्त आदराचं होतं का?

नाही, उलट आहे. 'दाऊ' म्हणजे आपलं 'तू'. 'यू' मुळात अनेकवचनी. तेराव्या शतकापासून फ्रेंचच्या प्रभावाने ते एका माणसालाही मानाने वापरलं जाऊ लागलं, 'तुम्ही'सारखं.

गैरसमज होतो तो बायबल आणि प्रार्थनांमुळे. तिथे देवाला 'दाऊ' म्हणतात, म्हणून शब्द भारदस्त वाटतो. पण विठ्ठलालाही आपण 'तू'च म्हणतो की!

अनोळखी वा वरच्या माणसाला 'दाऊ' म्हणणं हा सरळ अपमान होता. 1603 साली वॉल्टर रॅले या इंग्रज दरबारी आणि दर्यावर्दी माणसावरच्या राजद्रोहाच्या खटल्यात सरकारी वकील एडवर्ड कोक याने 'दाऊ' हे चक्क क्रियापद करून वापरलं: देशद्रोह्या, मी तुला अरे-तुरे करतो!

आज अशी जुनी इंग्रजी लिहिताना हमखास चुकतं ते क्रियापद. 'दाऊ'ला 'एस्ट' लागतो: दाऊ गोएस्ट, दाऊ हॅस्ट. 'एथ' तृतीयपुरुषी: ही गोएथ, ही हॅथ. 'दाऊ गोएथ' चूकच. कर्म असेल तर 'दी' (तुला), मालकी दाखवायला 'दाय' आणि स्वरापुढे बहुधा 'दाइन'.

'यी' (ye) हे 'यू'चं जुनं रूप. पण इंग्रजी दुकानांच्या पाट्यांवरच्या 'यी ओल्ड'मधला (Ye Olde) 'यी' मात्र सर्वनाम नाहीच. तो 'द' (the) आहे. 'th'च्या उच्चाराचं थॉर्न हे जुनं अक्षर हस्तलिखितांत वायसारखं (y) दिसे, म्हणून छापखानेवाले वाय लावत.