लिनक्सवर सेकंड लाइफ रोज रात्री तुटतं, मध्येच बंदही पडतं. विंडोजवर परत जाऊ का?

तुमचा प्रश्न असा: लॅपटॉपवर लिनक्स मिंट, इंटेलचं ग्राफिक्स, रॅम ८ जीबी, घरी १०० एमबीपीएसची लाईन, वाय-फाय. फायरस्टॉर्म या प्रोग्रॅममधून सेकंड लाइफ या ऑनलाइन त्रिमितीय जगात जाता, रात्री हमखास लॉगआउट होतं, आणि गर्दीच्या ठिकाणी तर अख्खं फायरस्टॉर्मच पडद्यावरून नाहीसं होतं. त्यामुळे विंडोजवर परत जायच्या विचारात आहात.

नका जाऊ. तुम्ही सांगताय ते दोन वेगळे आजार आहेत. लॉगआउट होणं हा नेटवर्कचा, आणि फायरस्टॉर्म नाहीसं होणं हा बहुतेक मेमरीचा. दोन्हींना 'लॅग' म्हटलं की माणूस ग्राफिक्स कमी करतो आणि लॉगआउट थांबायची वाट बघत बसतो. माझं वर्ष त्यात गेलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आम्ही पाच जण तिथे एक वाडा बांधतोय. चौक, पडवी, तुळशी वृंदावन, दिंडीदरवाजा, सगळं. दोघं न्यू जर्सीत, बाकीचे इथे, शनिवारी रात्री जमतो. सव्वानऊच्या सुमारास माझं तुटायचं. तुटण्याआधी दर वेळी तेच दिसायचं: मित्राचा अवतार (त्याची तिथली बाहुली) चौकातून चालता चालता भिंतीतून आरपार निघून जायचा, मी लिहिलेलं चॅटमध्ये उमटायचं नाही, आणि मिनिटभराने लॉगआउटची पाटी. ते भिंतीतून जाणं नीट लक्षात घ्या. पॅकेट, म्हणजे सर्व्हरकडून येणारे माहितीचे छोटे तुकडे, यायची थांबली की व्ह्यूअर (म्हणजे फायरस्टॉर्म) शेवटच्या माहितीवरून अवताराला त्याच दिशेने, त्याच वेगाने पुढे सरकवत राहतो. म्हणजे चित्र जिवंत, फ्रेम रेट उत्तम, पण सर्व्हरशी बोलणं बंद. हे दिसलं तर ग्राफिक्सच्या सेटिंगला हात लावायचं कारणच नाही.

पहिलं काम, कंट्रोल-शिफ्ट-१ दाबून आकडेवारीची पट्टी उघडा आणि ती रात्रभर कोपऱ्यात राहू द्या. टाइम डायलेशन (तिथला वेळ किती वेगाने चालतोय, १ म्हणजे पूर्ण वेगाने) १ च्या बरंच खाली आणि सिम एफपीएस (सर्व्हर सेकंदाला किती वेळा हिशोब करतो) ४५ च्या खाली घसरत असेल, तर त्या जागेचा सर्व्हरच दमलाय. तुमच्या हातात काही नाही, दुसऱ्या रीजनमध्ये, म्हणजे त्या जगाच्या दुसऱ्या तुकड्यात, जाऊन बघा. पॅकेट लॉस शून्यावर टिकत नसेल तर दुखणं लाईनीत. तुमचा स्वतःचा एफपीएस (पडद्यावर सेकंदाला किती चित्रं) पडत असेल तर ते लॅपटॉपचं.

'पिंग सिम', म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-यायला लागणारा वेळ, २५० मिलिसेकंदांच्या आसपास दिसला तर घाबरू नका. २०२० मध्ये सेकंड लाइफचे रीजन ॲमेझॉनच्या क्लाउडवर हलले, तेही अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये. पुण्याहून तिथलं सरळ अंतरच १२,७०० किलोमीटरच्या आसपास. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन १२७ मिलिसेकंद तर निसर्गानेच घेतले. केबल वळणावळणाने जातात ते वेगळं. लिनक्सवरची कुठलीही जादू हा आकडा खाली आणणार नाही. बघायचं ते एवढंच, की तो एका जागी राहतो की उड्या मारतो.

माझा उड्या मारत होता. मग मी दोन टर्मिनल शेजारी शेजारी उघडली. एकात राउटरला पिंग, दुसऱ्यात बाहेरच्या एका सर्व्हरला, आणि मित्रांशी गप्पा मारत दोन्हींवर डोळा ठेवला. राउटर, जो माझ्यापासून चार हातांवर आहे, तो दोन-तीन मिलिसेकंदांत उत्तर द्यायचा, आणि मधूनच २०० वर जायचा. हे वाय-फायचं वीज वाचवणं. कार्ड मधेमधे डुलकी काढतं आणि पॅकेट दारात उभी राहतात. वेब पान उघडताना कळतसुद्धा नाही, पण अवताराची हालचाल आणि चॅट यूडीपीवर (पोच न बघता पॅकेट धाडायच्या पद्धतीवर) चालतं, तिथे लगेच बोचतं. उबंटूवरून आलेल्या, मिंटसारख्या लिनक्समध्ये नेटवर्कमॅनेजरच्या (नेट जोडणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कॉन्फिगरेशनच्या फोल्डरमध्ये यासाठी एक छोटी फाईल असते, तिच्या नावातच 'पॉवरसेव्ह' आहे. आत किंमत ३ असते, म्हणजे चालू. ती २ करा आणि नेटवर्कमॅनेजर पुन्हा सुरू करा. शक्य असेल तर सरळ केबल लावा, तो याहून खात्रीचा उपाय.

त्याने अर्धं दुखणं गेलं. उरलेलं सव्वानऊचं होतं. एका शनिवारी बघतो तर राउटरचा पिंग शांत, आणि बाहेरचा २० वरून ४००, ९००, १८००. त्याच वेळी घरातला फोन वाय-फायला जोडला गेला होता आणि दिवसभराचे फोटो वर चढवत होता. तेव्हाच्या माझ्या लाईनीला अपलोड जेमतेम ५ एमबीपीएस. फोटोंची रांग राउटरच्या तोंडाशी साचत होती आणि माझी इवलीशी यूडीपी पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला. याला बफरब्लोट म्हणतात. १०० एमबीपीएसचा आकडा इथे कामाचा नाही, तो बहुधा डाउनलोडचा असतो. तुमचा अपलोड किती ते आधी मोजा.

लिनक्सवरच्या लॅपटॉपमध्ये रांग न्याय्य ठेवणारा एफक्यू-कोडेल बहुतेक वेळा आधीपासून असतो, पण रांग लॅपटॉपात नाहीच, राउटरपाशी आहे, म्हणून तिथेच इलाज करावा लागतो. मी इंटरनेट कंपनीच्या राउटरमागे ओपन-डब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) चालणारा जुना राउटर लावला, त्यात रांग आवरणारं एसक्यूएम सुरू करून त्यातली 'केक' ही पद्धत निवडली, आणि मोजलेल्या वेगाच्या ८५ टक्के मर्यादा घातली. तेव्हापासून फोटो चढत असतानाही पिंग फार तर १५-२० ने वाढतो. राउटर बदलणं जमत नसेल तर फोनचा फोटो बॅकअप रात्री उशिराचा किंवा चार्जिंगवर असतानाचा ठेवा, ते फुकट आहे.

फायरस्टॉर्ममधल्या बँडविड्थच्या सेटिंगबद्दल पुष्कळ गैरसमज आहे. लाईन १०० ची म्हणून लोक ती शेवटपर्यंत ओढतात. ती मर्यादा फक्त यूडीपीला लागू होते. टेक्श्चर (वस्तूंवरची चित्रं) आणि मेश (वस्तूंचे आकार) वेब पानांसारखे एचटीटीपीवरून, जवळच्या सीडीएनवरून (प्रती साठवणाऱ्या सर्व्हरवरून) येतात, त्यांना ती विचारतही नाही. मी १००० केबीपीएसवर ठेवतो. १५०० च्या वर नेऊन काही मिळालेलं मी पाहिलं नाही, उलट कमकुवत वाय-फायवर पॅकेट लॉस वाढलेला पाहिलाय. आणि काहीही झालं की 'कॅशे (आधी उतरवलेल्या गोष्टींचा साठा) पुसा' हा सल्ला ऐकू नका. पुसली की सगळी टेक्श्चर पुन्हा उतरवावी लागतात, आधीच दमलेल्या लाईनीवर. कॅशे एसएसडीवर मोठी ठेवा आणि विसरून जा.

आता नाहीसं होणं. काही संदेश न देता खिडकी गेली, की लगेच कर्नलचा लॉग बघा, जर्नलसीटीएलने दिसतो. त्यात 'आउट ऑफ मेमरी' आणि 'किल्ड प्रोसेस' शेजारी फायरस्टॉर्मचं नाव असेल, तर ते कोसळलेलं नाही, कर्नलने जागा करायला मारलेलं आहे. तुमच्यासारखं प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स त्याच ८ जीबीतून स्वतःचा वाटाही घेतं, आणि बाजूला ब्राउझर उघडा असतो. २०२४ मध्ये फायरस्टॉर्ममध्ये पीबीआर, म्हणजे प्रकाश खऱ्यासारखा दाखवायची नवी पद्धत, आल्यापासून भार आणखी वाढला आहे.

गर्दीत ड्रॉ डिस्टन्स (किती लांबपर्यंतचं दाखवायचं) ६४ मीटर करा. एक रीजन २५६ मीटर लांब आणि तेवढाच रुंद असतो, आणि अंतर दुप्पट केलं की क्षेत्र चौपट होतं, हे डोक्यात ठेवलं की सेटिंग आपोआप शहाणी होते. पूर्ण तपशिलात दिसणारे अवतार आठ-दहावर आणा, बाकीचे साधे दिसले तरी चालतात. आरसे आणि प्रतिबिंबं बंद. मीडिया आपोआप सुरू होणं बंद, कारण प्रत्येक पडद्यामागे एक छोटा ब्राउझर चालू होतो. झेडरॅम लावा, त्याने रॅममधलाच मजकूर दाबून बसवला जातो आणि ८ जीबीला थोडा श्वास मिळतो. पैसे घालायचेच असतील तर दुसरी ८ जीबीची रॅम घ्या, इंटरनेटचा महागडा प्लॅन नको.

एक शेवटची तपासणी: टर्मिनलमध्ये ओपनजीएलचा रेंडरर कोणता, म्हणजे चित्र कोण काढतंय, ते बघा. तिथे 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं तर ग्राफिक्स कार्ड वापरलंच जात नाहीये, सगळं चित्र प्रोसेसर काढतोय. आधी ड्रायव्हर नीट करा, बाकीचं नंतर.

विंडोजवर गेलात तरी तेच वाय-फाय, तोच राउटर, तोच फोन आणि तेच ८ जीबी. आज रात्री दोन टर्मिनलांचा खेळ करा, आणि तुटतं त्या क्षणाचे दोन्ही पिंग व अपलोडचा वेग इथे टाका. बघून सांगतो.