बोलक्या ताई की लक्ष देणाऱ्या ताई?

"मुलगी २० महिन्यांची आहे. दोन पाळणाघरं पाहिली. एकीकडच्या ताई आमच्याशी भरभरून बोलल्या, रोज फोटो पाठवू म्हणाल्या. दुसरीकडच्या जेमतेम बोलल्या, सगळं लक्ष मुलांकडे. नवऱ्याला पहिलं आवडलंय, माझा कल दुसरीकडे. काय करू?"

तुमच्याशी बोलताना ज्यांची नजर मुलांवरून हटत नाही त्या ताई तुसड्या नसतात, कामात असतात. तरी एका भेटीवर ठरवू नका. जेवणाच्या किंवा झोपेच्या जरा आधी पुन्हा जा आणि अर्धा तास कोपऱ्यात बसा. खेळाच्या वेळी सगळेच छान दिसतात. खरं काय ते भूक, पेंग आणि रडारड सुरू झाली की कळतं.

डायपर बदलताना नक्की बघा. "आता पाय वर करूया हं" असं सांगून ताई क्षणभर थांबतात, की मुलाच्या डोक्यावरून दुसऱ्या ताईंशी गप्पा चालू राहतात? या वयातलं शिकणं भिंतीवरच्या तक्त्यांपेक्षा अशा वेळीच जास्त होतं. काही विचारलं की लहान मुलाला उत्तर द्यायला पाच-सात सेकंदही लागतात. घाईतल्या ताई तेवढ्यात स्वतःच उत्तर देऊन टाकतात. मूल बोट दाखवून "बॉ" म्हणालं, तर ताईंनी तिकडे बघून "हो, बॉल खाली गेला" म्हणायला हवं.

दहा मिनिटं मोजा: मुलांची नावं किती वेळा घेतली, आणि त्यातली किती नुसती "नको", "बस खाली" म्हणण्यासाठी? मग सर्वांत गप्प मूल शोधा. त्याच्याकडे आपणहून कोण गेलं? रडणाऱ्याकडे कोणीही धावतं.

मूल रडतंय म्हणून मात्र ते पाळणाघर यादीतून काढू नका. या वयात आई दूर गेली की रडू येतंच. किती वेळात, कोण आणि कसं जवळ घेतं ते बघा.

दोन प्रश्न स्पष्ट विचारा. एका ताईंकडे किती मुलं? दोन वर्षांखालची तीन-चार ठीक. आठ असतील तर कितीही मायाळू बाई असली तरी पुरी पडणार नाही. आणि रोज त्याच ताई असतील का? माणसं सारखी बदलली तर मुलांना सवयच होत नाही. (फोटो कोण काढतं, हेही विचारा. ताईच काढत असतील तर तेवढा वेळ नजर मोबाइलवर.)

नवऱ्यालाही न्या, पण तुमचं मत आधी सांगू नका. दोघांनी वेगवेगळं मोजा आणि घरी येऊन आकडे ताडून बघा.