टोपी बदलू नकोस, भाचीबाई

प्रिय भाचीबाई,

बाल्टिमोर ओरिओल्स या बेसबॉल टीमची ती पक्ष्याची टोपी घालून तू एडिसनला आमच्याकडे आलीस, तेव्हा मी मुद्दामच गप्प बसलो. आजी पुण्याहून आलेली, सगळी भावंडं एका घरात, आणि मामीने आधीच बजावलेलं की या वीकेंडला बेसबॉलवरून तोंड उघडायचं नाही. पण रविवारी फ्लशिंगच्या गणपतीला जाताना गाडीत तूच विचारलंस, "मामा, अलॉन्सोच गेला, तर मी मेट्समध्ये कोणासाठी थांबू?" मेट्स म्हणजे आपली न्यूयॉर्कची टीम, आणि अलॉन्सो तिचा लाडका फलंदाज. देवळाच्या कँटीनमध्ये डोसा खाताना याचं उत्तर देता येत नव्हतं. समोर तुझा दादा, म्हणजे माझा मुलगा, न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या टीमचा, यांकीजचा शर्ट घालून सांबार ओरपत होता.

उत्तर असं, की टीम बदलायची नाही.

तुला वाईट वाटतंय ते खोटं नाही. 2025च्या जूनमध्ये 45 विजय, 24 पराभव, अख्ख्या बेसबॉलमध्ये आपण पहिले. आणि सीझनच्या शेवटच्या दिवशी मायामीकडून हरून बाद फेरीच्या बाहेर. त्याच ऑगस्टमध्ये अलॉन्सोने 253वा होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा) मारून डॅरिल स्ट्रॉबेरीचा मेट्ससाठी सर्वाधिक होमरनचा विक्रम मोडला होता, आणि डिसेंबरात तो पाच वर्षांसाठी बाल्टिमोरला निघून गेला. आपला पिचर (बॉल टाकणारा) डियाझ लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे गेला. 2011 साली मेट्सनेच निवडलेला फलंदाज निम्मो टेक्सासला देऊन टाकला. मालक मंडळींना अक्कल किती यावर मी वेगळं पत्र लिहीन.

पण मला एक सांग, आपल्या आताच्या स्टार फलंदाजाचं, सोटोचं काय? 2024मध्ये तो यांकीजकडून खेळत होता, तेव्हा तू त्याला काय काय म्हणायचीस ते आजीसमोर उच्चारता येणार नाही. 15 वर्षांचे 76 कोटी 50 लाख डॉलर घेऊन तो क्वीन्सला, म्हणजे मेट्सकडे आला आणि तू टाळ्या वाजवायला लागलीस. बरोबरच केलंस. वानखेडेवर हार्दिकची 2024 साली हुर्यो उडवणारी माणसं मुंबई इंडियन्सचीच होती ना? त्यांनी टीम सोडली का? खेळाडू येतो, जातो. आपण जात नाही.

मी 1985 साली आलो तेव्हा जॅक्सन हाइट्सला राहत होतो. सात नंबरची ट्रेन पकडली की शे स्टेडियम, मेट्सचं जुनं मैदान. ऑफिसात एक म्हातारा आयरिश होता, त्याने मला स्कोअरकार्ड भरायला शिकवलं. तो अजून सीव्हरबद्दल बोलायचा. 1969चा हीरो, मेट्सचा पिचर टॉम सीव्हर. तुझ्या त्या ओरिओल्सनाच हरवून मेट्सने पहिली वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं अजिंक्यपद घेतलं, ठाऊक असू दे. त्याच सीव्हरला 1977च्या जूनमध्ये सिनसिनाटीच्या टीमला देऊन टाकलं. हे सांगताना म्हाताऱ्याचा आवाज चिरकायचा. म्हटलं, मग तुम्ही सिनसिनाटीचे झालात का? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की पुन्हा विचारायची छाती झाली नाही. 1986च्या ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीजमध्ये बॉस्टनविरुद्ध सहाव्या मॅचला दोन आउट (आणखी एक आउट की खेळ खल्लास), दोन रन मागे, आणि तिथून आपण जिंकलो. तो म्हातारा त्यासाठी नऊ वर्षं थांबला होता.

टीमच गाव सोडून गेली तर गोष्ट निराळी. 1957च्या सीझननंतर ब्रुकलिनचे डॉजर्स आणि न्यूयॉर्कचे जायंट्स दोघंही कॅलिफोर्नियाला गेले. त्या लोकांना खरा प्रश्न पडला होता. 1962 साली मेट्स सुरू झाले ते डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा केशरी रंग घेऊन. पहिल्याच वर्षी 120 मॅच हरले, तरी माणसं येत राहिली. ओकलंडच्या पोरांवर 2024 साली तीच पाळी आली, त्यांचीही टीम गाव सोडून गेली. त्यातलं कोणी मला पत्र लिहिलं तर मी नम्रपणे ऐकून घेईन. तुझी टीम मात्र फ्लशिंगमध्ये जागच्या जागी आहे!

"मेट्स आणि ओरिओल्सची लीग वेगळी आहे मामा, दोन्ही चालतात," हे तर बोलूच नकोस. 2023पासून प्रत्येक टीम प्रत्येक टीमशी दरवर्षी खेळते. तेव्हा या दोघांची मॅच असेल त्या दिवशी तू कोणाच्या बाजूने ओरडणार? ओरिओल्सचं कॅम्डन यार्ड्स तुझ्या घरापासून चालत जाण्याएवढं जवळ आहे म्हणतेस. सुंदर स्टेडियम आहे, जरूर जा, खेकड्याचे पदार्थ खा, मॅच बघ. टीम बदलायची नाही.

आता तुझा दादा. तुम्ही सगळे म्हणता, 2000च्या मेट्स-यांकीज वर्ल्ड सिरीजमध्ये मी आठ वर्षांच्या पोराशी अबोला धरला. अबोला नव्हता. यांकीजचा पिचर क्लेमेन्स याने तुटलेल्या बॅटचा तुकडा आपल्या पियाझाच्या दिशेने फेकला, आणि माझा मुलगा सोफ्यावर उभा राहून हसला. अशा वेळी बाप काय बोलणार? यांकीजने पाच वर्षांत चार वेळा कप नेला होता, शाळेतली सगळी पोरं त्यांचीच. त्या वयात कोणीही जिंकणाऱ्याकडे जातं. माझ्याच घरात यांकी वाढला याची खंत मला आजही आहे. पण एक मान्य करावं लागेल. 2009नंतर यांकीजनी वर्ल्ड सिरीज जिंकली नाही, तरी त्याने शर्ट बदलला नाही. हा हट्ट त्याने आणला कुठून? मामीच्या माहेरी तर कोणी एवढं टिकून राहत नाही.

म्हणून मामीला सांग, मी वीकेंड बिघडवला नाही. डोशाचे पैसेसुद्धा मीच दिले.

अलॉन्सो आपल्याविरुद्ध पहिल्यांदा बॅटिंगला येईल तेव्हा उभी राहा, हात दुखेपर्यंत टाळ्या वाजव. मग खाली बस आणि त्याचा स्ट्राइकआउट माग, म्हणजे तो आउट व्हावा म्हण. बाल्टिमोरला ती मॅच असेल तेव्हा मी येतो. तिकिटं तू काढ, पार्किंग माझ्याकडे. दादालाही बोलाव, पण त्याला शर्ट साधा घालायला सांग.

तुझा,
मामा