पोलाद नंतर, आधी पाणी कोण देणार ते सांगा

हरिहर-अंजनेरीच्या भटकंतीसाठी साडेचार इंची पात्याचा चाकू बनवून घ्यायचाय, फांद्या फोडण्यापासून कांदा चिरण्यापर्यंत सगळं त्यानेच करायचंय, तर डी२ हे साच्यांचं पोलाद घ्यावं, स्टेनलेस की ट्रकच्या कमानीचा पाटा, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते त्याआधी ठरायला हवं की पात्याला पाणी कोण देणार, म्हणजे तापवून, बुडवून ते कडक कोण करणार. त्यावर अर्धं उत्तर अवलंबून आहे.

कोळशाच्या भट्टीवरचा लोहार करणार असेल तर डी२ आणि स्टेनलेस दोन्ही सोडा. ही पोलादं हजार अंशांच्या वर तापवून तेवढ्याच उष्णतेवर नेमका वेळ धरावी लागतात. भात्यावर ते जमत नाही, लोहार कितीही हुशार असो. कमी पडलं तर पातं मऊ राहतं, जास्त झालं तर धारेचे टवके उडतात.

त्याच्याकडून ५१६० किंवा ईएन ४५ मध्ये करून घ्या. ही गाड्यांच्या कमानीची पोलादं, कार्बन साधारण ०.६ टक्के. लोहचुंबक चिकटेनासा झाला की त्याच्या थोडं पुढे, ८३० अंशांच्या आसपास तापवायचं आणि कोमट तेलात बुडवायचं. साध्या पाण्यात नको, तडा जातो. गार झालं की लगेच २०० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा. घरचा ओव्हन चालतो. या पुन्हा तापवण्याचा, म्हणजे टेंपरिंगचा, कंटाळा करू देऊ नका. त्याशिवाय पातं काचेसारखं ठिसूळ राहतं.

पाटा मात्र भंगारातला नको. माझा पहिला चाकू तसाच केला होता. हरिहरच्या पायथ्याला निरगुडपाड्यात मुक्कामी वाळकं लाकूड फोडताना मुठीपासून दोन बोटांवर पातं तुटलं. तुटलेल्या तोंडाचा निम्मा भाग चकचकीत राखाडी होता, निम्मा काळपट. काळी बाजू म्हणजे जुनी चीर. गाडीखाली वर्षानुवर्षं वाकून ती आधीच पडलेली, घासताना मला दिसली नव्हती. तुकडा उडून कोणाच्या डोळ्यात गेला नाही हे नशीब. तेव्हापासून मी नवी पट्टीच घेतो, ३.५ ते ४ मिलिमीटर जाडीची.

आता डी२. त्यात १२ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं, म्हणून लोक ते गंजणार नाही असं धरून चालतात. पण कार्बनही दीड टक्का असतो. बरंचसं क्रोमियम त्याच्याशी बांधलं जातं आणि गंज रोखायला कमी उरतं. धार खूप टिकते हे खरं, पण लाकूड फोडायच्या चाकूला मी ते घेणार नाही. आडवा ताण बसला की धारेचे टवके उडतात, आणि आपल्या त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात ठिपके पडतातच.

पातं व्हॅक्युम भट्टीत (हवा काढून घेतलेल्या, नेमकं तापमान धरणाऱ्या) पाठवायची सोय होत असेल तर माझी पहिली पसंती १४सी२८एन हे स्टेनलेस. स्वीडनचं पोलाद, ०.६२ टक्के कार्बन, १४ टक्के क्रोमियम आणि किंचित नायट्रोजन. चिवट आहे, गंजत नाही, साध्या दगडावर धार लागते. नाशिकच्या सातपूर-अंबडला साचे बनवणारे टूलरूमवाले ओळखीचे असतील तर त्यांचे डाय (साचे) हार्डनिंगला, म्हणजे पाणी द्यायला, कुठे जातात ते विचारा. एकट्या पात्यासाठी भट्टी कोणी लावत नाही, पण त्यांच्या मालाबरोबर तुमचं पातं जाऊ शकतं. बेअरिंगचं ईएन ३१ छान बारीक धार धरतं, पण कांद्यासाठी. लाकडासाठी नको.

कोणतंही घ्या, पाणी दिल्यानंतरचं ग्राइंडिंग उघड्या हातांनीच करायला सांगा. हाताला चटका बसला की पातं लगेच पाण्यात. धारेवर निळा रंग चढला तर तिथलं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, आणि तेवढा भाग घासून काढण्यावाचून इलाज नाही.

कार्बनचं पातं पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं. पुसून, खोबरेल तेलाचा हात फिरवून, वेगळं फडक्यात गुंडाळा.

कोणाकडून करून घेताय ते कळवा, म्हणजे धारेची जाडी आणि मुठीचं माप सांगतो.